दरीत ऊन उशिरा उतरतं: भंडारदऱ्याला फोटो काढताना या चुका टाळा

गणपती गेले की भंडारदऱ्याकडे गाड्यांची रीघ लागते. सोमवारी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोही येऊन पडतात: पुढे सोनकीचं पिवळं, मागे धुकं, मध्ये हात पसरून उभा असलेला पाठमोरा माणूस. मीही काढलेत तसले, नाही म्हणत नाही. दरवेळी तोच फोटो येतो याचं कारण बहुतेक वेळा कॅमेऱ्यात नसतं. आपण घरूनच फोटो ठरवून निघालेलो असतो.

माझी पहिली फेरी अशीच वाया गेली. रतनवाडीला धरणाच्या पाण्यात रतनगडाचं प्रतिबिंब हवं होतं, अगदी फोनमध्ये सेव्ह केलेल्या फोटोसारखं. पहाटे साडेपाचला काठावर जाऊन बसले. अ‍ॅपवर सोनेरी उजेडाची वेळ होती, ती आली आणि गेली. वर गडाचा माथा आणि शेजारचा खुट्टा नावाचा सुळका लालसर उजळले, खाली मात्र सगळं निळ्या सावलीत. माथा नीट आला तर काठ काळाठिक्कर, काठ नीट आला तर आभाळ पांढरंफटक. सव्वासातला वैतागून ट्रायपॉड आवरला आणि मुक्कामाच्या घरी पोह्यांवर ताव मारला. घरमालक म्हणाले, "ताई, ऊन आठाशिवाय खाली येत नाही इथं. एवढ्या लवकर कशाला गेलात?" मी धावत परत गेले तोवर वारं सुटलं होतं आणि पाण्यावर नुसत्या सुरकुत्या.

चूक साधी होती. अ‍ॅपमधली सूर्योदयाची वेळ ही मोकळ्या क्षितिजाची असते. दरीत सूर्याला आधी समोरची धार चढून यावी लागते, आणि ती वेळ ऋतूनुसार सरकते. म्हणून आदल्या दिवशीच गावात विचारून घ्या, किंवा नकाशावर सूर्याची दिशा दाखवणारं अ‍ॅप वापरून मध्ये कुठली धार येते ते पाहा. प्रतिबिंब हवं असेल तर वारं सुटायच्या आत, म्हणजे सावलीतच काढावं लागतं. तेव्हा काठ चौकटीतून जवळजवळ काढून टाका आणि उजळलेला माथा व पाणी एवढंच धरा. माथा आणि त्याचं प्रतिबिंब यांच्या उजेडात फार अंतर नसतं, कॅमेऱ्याला ते झेपतं.

ऊन यायच्या आधीचा तो तासही वाया घालवू नका. सावलीतला एकसारखा उजेड फुलांना, ओल्या कातळाला, शेवाळाला मानवतो. कोरीवकामाला मात्र मानवत नाही. रतनवाडीतल्या अमृतेश्वराच्या देवळाच्या शिखरावरची नक्षी तिरपं ऊन पडल्यावरच उठून दिसते, त्यामुळे देवळाकडे उशिराच जा. सावलीत फोटो फारच निळे आले तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा उबदार-थंडपणा ठरवणारी सेटिंग, 'क्लाउडी'वर घ्या. पण सगळा निळा काढून टाकू नका. पहाटेचा थंडपणा त्यातच असतो.

दुसरी तक्रार मी नेहमी ऐकते: "धुकं प्रत्यक्षात पांढरंशुभ्र होतं, फोटोत राखाडी आलं." कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मधल्या राखाडीच्या हिशेबाने मोजतं. चौकटभर पांढरं दिसलं की त्याला उजेड जास्त वाटतो आणि तो फोटो अंधारा करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशेबापेक्षा फोटो उजळ-अंधारा करायची सेटिंग) अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एकपर्यंत न्या आणि हिस्टोग्रामकडे, म्हणजे स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखाकडे, लक्ष ठेवा. आलेख उजवीकडे सरकू दे, उजव्या भिंतीला चिकटू देऊ नका. मोबाइलवर बोट दाबून फोकस लॉक करायचा आणि सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवायचं. धुक्यात ऑटोफोकस नुसता मागेपुढे करत राहतो. अशा वेळी एखाद्या झाडाच्या काळ्या कडेवर फोकस धरा.

मग वाइड लेन्सचा सोस. दरी मोठी, म्हणून लेन्सही वाइड हवी असं वाटतं. प्रत्यक्षात १६ मिलिमीटरवर कळसूबाई, १६४६ मीटर उंचीचं महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, वारुळाएवढं दिसतं. वाइड लेन्स लावायचीच तर पायाशी काहीतरी हवं: दगड, फूल, होडी. नाहीतर ७०-२०० मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स लावा आणि एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या डोंगरधारा पाहा. माझे आवडते फोटो सगळे याच लेन्सचे आहेत.

सांदण दरीत, म्हणजे जवळच्याच कातळातल्या अरुंद, खोल घळीत, उलटी गंमत असते. तिथे चौकटीत आभाळाची फट आली की फोटो बिघडला म्हणून समजा, कारण वर झगझगीत आणि खाली काळोख. आभाळ कापा. वरच्या कातळावर पडलेलं ऊन समोरच्या भिंतीवर परावर्तित होऊन उबदार तपकिरी उजेड खाली झिरपतो, तो धरा. पावसाळ्यात तिथे उतरायचं नाही, कितीही मोह झाला तरी. वर पडलेल्या पावसाचं पाणी त्या फटीतूनच खाली येतं.

धबधब्यांबद्दल थोडक्यात. दहा-दहा सेकंदांचं एक्स्पोजर देऊन पाण्याचा कापूस करू नका. पाव ते एक सेकंदात धारही राहते आणि ओघही दिसतो. त्यासाठी लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून एफ २२ वर जाऊ नका, तिथे फोटोची धार बोथट होते. एफ ८ ते ११ ठेवा आणि उजेड कमी करणारी काच, म्हणजे एनडी फिल्टर, लावा.

फुलांच्या बाबतीत मला राग येतो, ते सांगूनच टाकते. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, आणि त्या तीन दिवसांतही लोक ताटव्यात लोळून फोटो काढतात. तेरडा वर्षायू आहे, दरवर्षी नव्याने बियांतूनच उगवतो. बी पडायच्या आत चेंगरला की त्या जागी पुढच्या वर्षी काय उगवणार? पायवाटेच्या कडेलाच गुडघ्यावर बसा, कॅमेरा फुलांच्या उंचीला आणा. मागचा डोंगर आपोआप चौकटीत येतो. ड्रोनही पिशवीतच राहू दे. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वनखात्याच्या परवानगीशिवाय तो उडवता येत नाही.

मे अखेरीस काजव्यांसाठी गेलात तर फ्लॅश, टॉर्च, हेडलाइट सगळं बंद. त्यांची लुकलुक म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते आणि आपल्या उजेडात ती हरवते. ट्रायपॉडवर वीस-तीस सेकंदांचे अनेक फोटो घ्या आणि घरी ते एकावर एक रचा. फोकस अंधार पडायच्या आधीच लावून ठेवा.

आता कॅमेऱ्याचे हाल. एसी गाडीतून उतरून लगेच लेन्सचं झाकण काढलं की काचेवर बाष्प धरतं. मी एकदा ते ओढणीने पुसलं आणि दिवसभराच्या सगळ्या फोटोंत एक तेलकट पट्टा आला. उतरायच्या अर्धा तास आधी एसी बंद करा आणि बॅगची चेन लावलेलीच ठेवा, म्हणजे कॅमेरा हळूहळू बाहेरच्या हवेला सरावतो. घरी आल्यावर ओल्या बॅगेत तो तसाच पडू देऊ नका, बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. तांदळाच्या डब्यात मात्र नको. त्याची भुकटी झूमच्या रिंगमध्ये शिरते, आणि मग लेन्स फिरवली की जात्यासारखा आवाज येतो.