अणुऊर्जा समजून घ्यायची तर आधी एक बोल्ट खाली टाका

नववी-दहावीच्या मुलांना मी बरीच वर्षं ऊर्जा शिकवते आहे. त्यांच्या वहीत एक यादी हमखास असते: स्थितिज, गतिज, उष्णता, ध्वनी, अणू. ही यादी पाठ करू नका, असं मी पहिल्याच तासाला सांगते. तिच्यामुळे अणुऊर्जा म्हणजे काहीतरी अगदीच निराळं प्रकरण आहे असा समज होतो, आणि तो पुढे सुटता सुटत नाही.

सुरुवात मऊ मळलेल्या मातीपासून करा. डबाभर माती सपाट करा. त्यावर एक पाइप उभा धरा आणि त्यातून सपाट डोक्याचा जड बोल्ट, डोकं खाली ठेवून, २५ सेंमी उंचीवरून सोडा. खड्डा मोजा. मग १ मीटरवरून सोडा. उंची चौपट, पण वेग फक्त दुप्पट: सेकंदाला साधारण २.२ मीटरऐवजी ४.४ मीटर. खड्डा मात्र जवळजवळ चौपट खोल. गतिज ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग का येतो, ते इथे बोटानं चाचपता येतं. सुमारे ३०० वर्षांपूर्वी ग्राव्हेसांडे या डच शास्त्रज्ञानं पितळी गोळे मातीत टाकून हेच दाखवलं होतं. मीही आधी गोट्या वापरायचे, पण खोली चौपट कधी भरेना. गोटी रुतताना खड्डा रुंदही होत जातो, म्हणून खोलीऐवजी खड्ड्याचं आकारमान मोजावं लागतं. बोल्टानं ती अडचण जाते.

आता खरा प्रश्न. वर धरलेल्या बोल्टाची ऊर्जा कुठे होती? मुलं म्हणतात, बोल्टात. नाही! ती बोल्ट आणि पृथ्वी या जोडीत होती. स्थितिज ऊर्जा कधीच एकट्या वस्तूची नसते. म्हणून दर वेळी विचारा: जोडी कोणाची, आणि त्यांच्यात ओढ आहे की ढकल?

ढकल अनुभवायची तर दोन चुंबकांची सारखी टोकं समोरासमोर दाबा, तशीच दोऱ्यानं बांधा आणि दोरा कापा. चुंबक उडून दूर जातात. युरेनियमच्या अणूच्या मध्यभागी असलेलं केंद्रक असंच बांधलेलं असतं. त्यात सारख्याच विद्युत प्रभाराचे ९२ प्रोटॉन एकमेकांना ढकलत असतात. दोऱ्याचं काम केंद्रकीय बल करतं; ते जबर असतं, पण त्याचा पल्ला फार तोकडा. युरेनियम-२३५ या प्रकारच्या युरेनियममध्ये एक न्यूट्रॉन (प्रभार नसलेला कण) शिरला की केंद्रक थरथरतं, लांबट होतं, मध्ये बारीक होतं. दोऱ्याचा पल्ला संपतो आणि दोन तुकडे एकमेकांना भिरकावून देतात.

१९३८ च्या नाताळात भौतिकशास्त्रज्ञ लीझे माइटनर आणि त्यांचा भाचा ऑटो फ्रिश यांनी स्वीडनमध्ये बर्फातून फिरता फिरता, कागदाच्या कपट्यांवर याच ढकलीचा हिशेब केला. उत्तर आलं सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंची ऊर्जा मोजायचं छोटं एकक), एका केंद्रकामागे. कोळशातला कार्बनचा एक अणू जळताना सुमारे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच देतो. हा प्रसंग सांगताना मला आजही भरून येतं, कारण त्या हिशेबाच्या मुळाशी शाळेतलीच कल्पना आहे: जवळ दाबून ठेवलेले दोन सारखे प्रभार.

पुढचं सोपं आहे. बहुतेक ऊर्जा तुकड्यांच्या गतीत जाते, सेकंदाला साधारण १० हजार किलोमीटर. पण इंधनात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकं अंतर जाताच ते थांबतात. त्यांची गती आजूबाजूच्या अणूंच्या थरथरीत वाटली जाते. तिलाच आपण उष्णता म्हणतो. त्यापुढे वाफ, टर्बाइन, वीज.

सूर्यातलं एकीकरण मात्र चुंबकांसारखं समजून घेऊ नका. तिथे हलकी केंद्रकं आधी ढकलीवर मात करून जवळ येतात आणि मग केंद्रकीय बलाच्या ओढीनं एकमेकांत पडतात. तिथली जोडी ओढीची आहे, बोल्ट आणि पृथ्वीसारखी.