पुण्यात विमान बदलून पुढे जाताय? या चुका टाळा

गणपती किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की दिल्ली, बंगळूर, हैदराबादहून पुण्यात उतरून पुढे सिंधुदुर्ग किंवा जळगावला छोट्या विमानाने जायचा बेत घरोघरी आखला जातो. सगळी चर्चा मोठ्या विमानाची होते. स्वस्त कधी आहे, पहाटेचं घ्यायचं की रात्रीचं, वगैरे. शेवटचा टप्पा तासाभराचाच, म्हणून तो उरलेल्या वेळेत बसवला जातो.

माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आधी छोटं विमान पक्कं करा आणि त्याला जोडून मोठं निवडा. दिल्ली-पुणे विमान चुकलं तर त्याच दिवशी दुसरं मिळू शकतं. छोट्या मार्गांवर दिवसाला एखादंच विमान असतं, काही ठिकाणी तर आठवड्यातले ठरावीक वारच. शिवाय वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, त्यामुळे मागच्या वर्षीच्या आठवणीवर तिकीट काढू नका.

दोन वेगळी तिकिटं आणि मध्ये दीड तास

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असतील आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर तुम्हाला पुढे पोचवणं ही विमान कंपनीची जबाबदारी राहते. तिकिटं वेगळी काढली असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी असता. पहिलं विमान का रखडलं याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

वेगळ्या तिकिटांवर पुण्यात नेमकं काय करावं लागतं ते आधी डोळ्यांसमोर आणा. विमानातून उतरायचं, पट्ट्यावर बॅगेची वाट पाहायची, बाहेर पडायचं, डिपार्चरच्या दाराशी ओळखपत्र दाखवून पुन्हा आत शिरायचं, बॅग द्यायची, सुरक्षा तपासणी करायची. बॅगेचा काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो आणि गेट २०-२५ मिनिटं आधी. म्हणजे दीड तासाच्या लेओव्हरमध्ये तुमच्या हातात खरा अर्धा तासच उरतो. वेगळ्या तिकिटांवर मी चार तासांपेक्षा कमी अंतर कुणालाही सुचवत नाही. पावसाळ्यात तर पुण्यात रात्रीचा मुक्काम करून सकाळी पुढे जाणं बरं.

वेब चेक-इन झालंय म्हणून निवांत राहू नका. बॅग द्यायची असेल तर काउंटर बंद व्हायच्या आत पोचावंच लागतं. देशांतर्गत प्रवासासाठी डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून दारातून आत सोडणारं ॲप, पुण्यात चालतं. दारावरचा वेळ त्याने वाचतो, सामानाच्या रांगेतला नाही.

परदेशातून येणाऱ्यांची बॅग

मुलगा किंवा सून परदेशातून येत असेल तर त्यांना हे आवर्जून सांगा. भारतात ज्या विमानतळावर पहिल्यांदा पाऊल पडतं, तिथे इमिग्रेशन आणि कस्टम्स होतं. बॅगेच्या टॅगवर पुण्याचं ‘पीएनक्यू’ असलं तरी दिल्लीत किंवा मुंबईत ती बहुतेक वेळा स्वतः उचलून पुन्हा द्यावी लागते. चेक-इन करतानाच ‘बॅग मी कुठे घ्यायची?’ असं स्पष्ट विचारावं आणि टॅगवरचा शेवटचा कोड वाचावा. सिंधुदुर्गाचा एसडीडब्ल्यू, जळगावचा जेएलजी.

वजनाचा घोळ आणखी मोठा. परदेशातून येताना बऱ्याचदा तेवीस किलोच्या दोन बॅगा चालतात, पण वेगळं काढलेलं देशांतर्गत तिकीट साधारण पंधरा किलोचं असतं. उरलेल्या वजनाचे पैसे भरले की झालं, असंही नाही. या मार्गांवरचं एटीआर ७२ हे सत्तर-अठ्ठ्याहत्तर आसनांचं, पंख्याचं विमान. त्याचं वजनाचं गणित काटेकोर असतं आणि प्रसंगी काही बॅगा मागे ठेवून पुढच्या उड्डाणाने पाठवल्या जातात. म्हणून एक दिवसाचे कपडे, औषधं आणि घरच्या किल्ल्या कायम हातातल्या पिशवीत ठेवा.

हातातली ट्रॉलीसुद्धा शेवटपर्यंत हातात राहीलच असं नाही. एटीआरच्या डोक्यावरचे कप्पे लहान असतात, त्यामुळे कडक कवचाची ट्रॉली विमानाच्या शिडीजवळ घेऊन पोटात टाकतात. तिथे घाईघाईत द्यायची वेळ आली तर आधी पॉवर बँक, लॅपटॉप आणि औषधं काढून घ्या. लिथियम बॅटरीचा पॉवर बँक विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ठेवायला मनाई आहे. १०० वॅट-अवरपर्यंतचा सोबत नेता येतो, आणि २०,००० एमएएचचा नेहमीचा पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-अवरचा असतो. साधी मऊ पिशवी घेतली तर ही सगळी धावपळ वाचते.

‘पुण्यातच आहे, तर कोथरूडला जाऊन येतो’

चार-पाच तास हाताशी असले की मावशीकडे जेवायला जायचा मोह होतोच, आणि मावशीही आग्रह करते. पण विमानतळ आहे ते लोहगाव ते कोथरूड म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. संध्याकाळी नगर रस्ता आणि येरवडा ओलांडताना किती वेळ जाईल ते कुणीच सांगू शकत नाही. जायचंच असेल तर रिक्षाने रामवाडी गाठा आणि तिथून मेट्रोने थेट वनाजला जा. ही मार्गिका कोथरूडलाच संपते. परतताना दोन तास आधी विमानतळावर असायचं, हे मावशीला आधीच सांगून ठेवा. त्यापेक्षा मावशीलाच विमाननगरमध्ये बोलावणं अधिक शहाणपणाचं. बाहेर पडल्यावर ॲपवरची कॅब एरोमॉल या विमानतळाच्या पार्किंग इमारतीतून मिळते, तेवढं चालायची तयारी ठेवा.

लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. इथे विमानातून उतरताना किंवा बसताना फोटो, व्हिडिओ काढू नका.

मुंबई आणि गोवा: नाव एक, विमानतळ अनेक

मुंबईत टर्मिनल १ आणि टर्मिनल २ एकमेकांना चिकटलेले नाहीत, मध्ये रस्त्याने काही किलोमीटर आहेत. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. गोव्यात दाबोळी दक्षिणेला आणि मोपा उत्तरेला. तिकिटावर फक्त शहराचं नाव पाहून जोडणी करू नका, विमानतळ आणि टर्मिनल दोन्ही वाचा.

मोपाचा मात्र एक मोठा उपयोग आहे. तो पेडण्यात, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ आहे. सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्याचं चिपीचं, म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळाचं, विमान रद्द झालं तर परतावा मागण्याआधी मोपाच्या विमानात जागा आहे का ते विचारा. जळगावसाठी छत्रपती संभाजीनगरचा विचार करता येतो.

विमान चुकलं किंवा रद्द झालं, तर

पहिल्या विमानाला उशीर होतोय असं दिसताच, ते उडायच्या आधीच दुसऱ्या कंपनीला फोन करा. वेळ असताना तारीख बदलून मिळू शकते. एकदा ‘नो-शो’ (प्रवासी आलाच नाही) असा नोंदला गेला की भाडं बहुधा जातं, आणि त्याच पीएनआरवर परतीचं तिकीट असेल तर तेही रद्द होण्याची शक्यता असते. तरीही विमानतळाचे शुल्क आणि सरकारी कर परत मागा. न वापरलेल्या तिकिटावरही ते परत करावे लागतात, असा डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियम आहे.

अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाला तर कंपनीने खाणंपिणं द्यायला हवं. विमान रद्द झालं तर दुसरं विमान की परतावा, हे तुम्ही निवडायचं. खराब हवामानामुळे रद्द झालं तर वेगळी भरपाई मिळत नाही, पण परताव्याचा हक्क तसाच राहतो. दाद लागली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा आणि बोर्डिंग पास, संदेश, बिलं जपून ठेवा.

बॅग आली नाही तर पट्ट्याजवळच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीची नोंद, करूनच बाहेर पडा. घरी जाऊन फोन करू असं म्हणू नका.

आणि जमिनीवरचा मार्ग आधीच ठरवलेला असू द्या. जळगावला पुणे स्टेशनवरून महाराष्ट्र एक्स्प्रेस जाते, एसटी शिवाजीनगर आगाराची. कोकणासाठी एसटी स्वारगेटहून, आणि रेल्वेने जायचं तर बहुतेक गाड्यांसाठी पनवेल गाठावं लागतं. सुट्टीच्या दिवसांत दुपारनंतर या गाड्यांची आरक्षणं भरलेली असतात, म्हणून रद्द झाल्याचा संदेश आला की एकाने काउंटरच्या रांगेत उभं राहावं आणि दुसऱ्याने लगेच फोनवर जागा पाहायला सुरुवात करावी.