उन्हाळी लीगमध्ये कॉलेजचा बेसबॉल पिचर पाहताना या चुका टाळा

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉड लीगमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या उन्हाळी बेसबॉल स्पर्धेत, जुलैतल्या कुठल्याही संध्याकाळी होमप्लेटमागच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेमागच्या) जाळीजवळ नवखे स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे, दिसतात. हातात रडार गन, नजर तिच्या आकड्यांवर. चेंडू कुठे पडला, बॅटर का फसला, हे पाहायला सवड नाही. अहवालात मग पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, एकच आकडा उतरतो: वेग ताशी 94 मैल.

तो आकडाही बरेचदा चुकीचा असतो. गन चेंडूचा तेवढाच वेग मोजते, जो गनच्या दिशेनं येतो. चेंडूच्या रेषेशी 10 अंशांचा कोन झाला तर दीड टक्का वेग गायब होतो, 20 अंशांना सहा टक्के. सावली बघून कुणी जाळीमागची जागा सोडतो आणि पहिल्या बेसच्या बाजूला चाळीसेक फूट सरकतो. ताशी 92 मैलांचा फास्टबॉल त्याच्या गनवर 86-87 दिसतो. बरोबर मागे बसलेल्याच्या वहीत तोच पिचर 92 असतो. एका पोराचे असे दोन अहवाल गेले की शंका पोरावर घेतली जाते, बसण्याच्या जागेवर कुणी घेत नाही. म्हणून सामन्याच्या 40 मिनिटं आधी पोहोचा आणि होमप्लेटच्या थेट मागची जागा धरा. नाहीच मिळाली तर त्या दिवशी वेग लिहू नका. कोनाचा हिशेब लावून आकडा ‘दुरुस्त’ करणं तर मुळीच नको, कारण पुढच्या वाचणाऱ्याला तो मोजलेलाच वाटतो.

वेग इनिंगनुसार (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची फलंदाजीची एकेक पाळी) लिहा: पहिलीत 91-93, चौथीत 89-90, कमाल 94. नुसता कमाल आकडा निरुपयोगी आहे.

दुसरी मोठी चूक घाईची. केपवरचे दहाही संघ जवळजवळ आहेत, त्यामुळे दोन इनिंग इथे आणि दोन तिथे पाहायचा मोह होतो. पण पहिल्या दोन इनिंगमध्ये बॅटर त्या पिचरला पहिल्यांदाच पाहत असतात, नुसत्या फास्टबॉलवरही निभावतं. तेच बॅटर दुसऱ्यांदा आले की खरी परीक्षा सुरू होते. चेंजअप (फास्टबॉलसारखाच दिसणारा पण हळू येणारा चेंडू) टाकायची हिंमत आहे का, ती टाकताना हात मंदावतो का, हे तेव्हा कळतं. शिवाय बेसवर धावपटू येईपर्यंत पिचर स्ट्रेचमधून (धावपटू बेसवर असतानाच्या आखूड पवित्र्यातून) कसा टाकतो हे दिसतच नाही. तिथे स्टॉपवॉच काढा. पिचरच्या पहिल्या हालचालीपासून चेंडू होमप्लेटमागच्या कॅचरच्या ग्लव्हमध्ये पोहोचेपर्यंत 1.3 सेकंद चांगले. 1.5 च्या वर गेला तर चेंडू दुसऱ्या बेसवर 2 सेकंदांत पोहोचवणारा कॅचरही चोरी (पिचर चेंडू टाकत असताना धावपटूनं पुढचा बेस गाठणं) रोखायला कमी पडतो. आता पिचर घाई करायला लागला की स्लायडर (बाजूला वळणारा वेगवान चेंडू) वर राहतो का, तेही पाहा. ज्याला पाच इनिंग बसायचा धीर नाही त्यानं अहवाल लिहू नये.

लाकडी बॅट विसरू नका. कॉलेजात धातूची बॅट, इथे 1985 पासून लाकडाची. हातांजवळ घुसलेल्या फास्टबॉलवर धातूच्या बॅटनं कसाबसा हिट मिळतो, लाकडाची बॅट तिथे मोडते. आतल्या बाजूला टाकायला लागलेल्या पोराची नोंद वेगळी ठेवा.

फेब्रुवारीपासून कॉलेजसाठी टाकून आलेला हात जुलैत दमलेला असतो. वसंतातल्या इनिंग किती, हे वहीत वरच लिहा.

वीस-पंचवीस इनिंगच्या ईआरएवरून (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावांच्या सरासरीवरून) काहीही ठरवू नका.

क्रिकेट पाहत वाढलेल्यांनी कोपराकडे बोट दाखवू नये. इथे हात वाकवूनच फेकतात.

आणि अंगकाठीवरून पोराला खोडू नका. टिम लिन्सकम 2005 मध्ये केपवरच्या हार्विच संघाकडून खेळला. उंची सहा फुटांच्या आत, म्हणून शंका होत्या. 2006 च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ क्रमानं नवे खेळाडू निवडतात त्यात) तो दहावा गेला आणि 2008, 2009 असा सलग दोनदा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेतला. क्रिस सेल 2009 मध्ये केपवरच्याच यार्मथ-डेनिस संघाकडून खेळला. काटकुळा, हात बाजूनं येणारा, हा टिकणार नाही असं बोललं गेलं. 2010 मध्ये तेरावा गेला. 2020 मध्ये त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली खरी, पण त्याआधी 2012 ते 2018 सलग सात वर्षं तो ऑल-स्टार (हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडलेला) होता. शंका जरूर लिहा, पण तिच्याशेजारी बॅटरची पहिली प्रतिक्रियाही लिहा: गुडघा लटपटला, बॅट उशिरा आली की चेंडू नुसता सोडून दिला.