फुफ्फुसाच्या बीपीची गोळी चालू असेल तर सॉर्बिट्रेटपासून लांब राहा

घरात कुणाला पल्मनरी हायपरटेन्शनसाठी, म्हणजे फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतल्या वाढलेल्या बीपीसाठी, सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल चालू असेल तर एक गोष्ट सगळ्यांना सांगून ठेवा, अगदी शेजाऱ्यांना पण. आपल्याकडं छातीत दुखलं की कुणीतरी पटकन जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायला देतंय, पण सिल्डेनाफिल-टाडालाफिल चालू असताना ती दिली तर बीपी एकदम खाली जाऊन जीवावर बेतू शकतं. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास तरी धोका असतो, म्हणून १०८ ला फोन करा आणि ॲम्ब्युलन्सवाल्याला पहिलं हेच सांगा. गोळीचं नाव मराठी, कन्नड दोन्हीत चिठ्ठीवर लिहून पेशंटच्या खिशात ठेवा, बेळगावात कॅज्युअल्टीत ड्युटीवर कोण असेल सांगता येत नाही की.

सिल्डेनाफिल म्हणजे व्हायग्रातलंच औषध, म्हणून नाव ऐकून काही लोक लाजतात, मेडिकलवाला काय म्हणेल म्हणून गोळीच आणत नाहीत, असं अजिबात करू नका, फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या सैल करायलाच ती दिलेली असते. मनानं बंद करू नका, एकदम थांबवली तर दम वाढतो. खानापूर-निपाणीकडच्या खेड्यातल्या मेडिकलात मिळेलच असं नाही म्हणून स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधीच आणा. डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

आणि फुफ्फुसाच्या बीपीचीच दुसरी गोळी बोसेंटन चालू असेल तर लिव्हरची रक्ततपासणी दर महिन्याला, चुकवायची नाही. ही गोळी पोटातल्या बाळाला घातक आहे, गर्भनिरोधक गोळीचा असर पण कमी करते, तेव्हा बाईमाणसानं डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला.