डब्यावर २५ वर्षं लिहिलंय, पण डबा ठाण्यात आहे! फ्रीज-ड्राइड साठा करताना या चुका टाळा

जुलैतली दुपार होती. बाहेर धो धो पाऊस, हॉलमध्ये दोरीवर न वाळणारे कपडे, आणि मी हौसेनं फ्रीज-ड्राइड मक्याच्या दाण्यांचा मोठा डबा उघडला. पहिला दाणा दाताखाली कुर्रकन फुटला. मुलानं वाटीभर खाल्ले. डब्याला प्लास्टिकचं झाकण लावलं आणि ओट्यावर ठेवून दिला. येता-जाता सगळ्यांचे हात त्यात जातच होते. रात्री जेवताना पाहिलं तर दाणे चामट, बोटांना चिकटणारे. सासूबाईंनी एक तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर सादळलं की!"

अडीअडचणीच्या साठ्यासाठी, २५ वर्षं टिकेल म्हणून चांगले पैसे मोजून मागवलेला डबा नौपाड्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात एका दिवसात सादळला. चूक डब्याची नव्हती, माझी होती. त्यानंतर एकेक करत बाकीच्याही चुका करून झाल्या. त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितेय.

पावसाळ्यात मोठा डबा फोडणे

फ्रीज-ड्राइंगमध्ये पदार्थ आधी कडक गोठवतात आणि मग निर्वात पेटीत ठेवतात. हवेचा दाब इतका कमी असतो की बर्फाचं पाणी होतच नाही, थेट वाफ होऊन तो उडून जातो. बर्फ जिथे होता तिथे बारीक बारीक पोकळ्या राहतात, आकार मात्र तसाच. आत ओलावा उरतो जेमतेम एक-दोन टक्के. आपल्या कुरडया-सांडग्यांत उन्हात वाळवूनही याच्या कितीतरी पट ओलावा असतो, म्हणून ते निवांत असतात. हा दाणा म्हणजे कोरडा ठणठणीत स्पंज. ठाण्याच्या जुलैत हवेत ८०-९० टक्के आर्द्रता असते, तिथे तो उघडा ठेवला की मिळेल ते पाणी ओढून घेणारच.

म्हणून मोठ्या डब्याच्या 'किफायती' दराला भुलू नका. दोन-चार माणसांच्या घरात एका जेवणात संपेल एवढंच पाकीट घ्या, किलोमागे महाग पडलं तरी. मोठा डबा घेतलाच असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतल्या कोरड्या दिवसात फोडा. तेव्हाही आधी काचेच्या छोट्या कोरड्या बरण्या तयार ठेवा, एसी असेल तर त्या खोलीत बसा आणि अर्ध्या तासात सगळं बरण्यांत भरून मोकळे व्हा.

सादळलेलं परत कुरकुरीत करून साठवता येतं का? ओव्हनमध्ये घालून मी प्रयत्न केला. कुरकुरीत झालं, पण आत किती ओलावा राहिला ते घरी कळायला मार्ग नाही, म्हणून ते पुन्हा साठ्यात टाकायचं नाही. त्याच दिवशी सादळलेलं असेल आणि वास-रंग ठीक असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, एक-दोन दिवसांत भाजीत, सुपात संपवा. आमचा मका उपम्यात गेला. कुबट वास किंवा ठिपके दिसले तर मात्र सरळ कचऱ्यात.

माळ्यावर ठेवणे

आमची इमारत जुनी, आम्ही वरच्या मजल्यावर, आणि माळा थेट गच्चीच्या स्लॅबखाली. घरातलं सगळं 'लागेल कधीतरी' तिथेच जातं, तसे हे डबेही गेले. मे महिन्यात सहज म्हणून भिंतीवरचं थर्मामीटर तिथे नेऊन ठेवलं. दुपारी तीनला ३९ अंश.

पाकिटावरचा २५ वर्षांचा आकडा धरलेला असतो तो साधारण २०-२४ अंशांच्या, कोरड्या, अंधाऱ्या जागेसाठी. थंड देशातल्या घरांखालच्या तळघरासाठी म्हणा ना. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की पदार्थ बिघडवणाऱ्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो आणि आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणजे ३४ अंशांना २५ चे बारा झाले, त्याहून गरम माळ्यावर आणखी कमी. आयुष्य संपलं म्हणून अन्न त्या दिवशी विषारी होतं असं नाही. आधी चव जाते, रंग जातो, जीवनसत्त्वं जातात, तेलकट पदार्थांना खवट वास येतो.

तेव्हा घरातली सगळ्यात थंड जागा शोधा. आमच्याकडे ती निघाली आतल्या खोलीतल्या दिवाणाखाली, जिथे ऊन कधीच येत नाही. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट आणि फ्रीजच्या मागची जागा दोन्ही टाळा.

तळमजल्यावर किंवा सखल भागात राहणाऱ्यांचं गणित मात्र उलटं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी ठाण्यापासून कल्याणपर्यंत कितीतरी तळमजल्यांवर पाणी होतं, आणि अशा वेळी पहिलं भिजतं ते दिवाणाखालचंच. तिथे थोडी उष्णता सोसा, पण साठा छातीच्या वर ठेवा. पुराचं पाणी लागलेलं पाकीट 'वरून पुसलं की झालं' म्हणून वापरू नका. लेप्टो कशानं होतो हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. फिरकीच्या झाकणाची बरणी किंवा घरी सील केलेली पिशवी त्या पाण्यात बुडाली असेल तर टाकूनच द्या.

'ड्राय' दिसलं की फ्रीज-ड्राइड समजणे

हे पटकन सांगते. फणसाचे, भेंडीचे छान रंगाचे कुरकुरीत चिप्स मिळतात, ते बहुतेकदा कमी दाबाखाली तेलात तळलेले असतात. घटकांच्या यादीत तेल दिसलं की समजा, हे काही महिन्यांचं खाणं आहे. 'डिहायड्रेटेड' म्हणजे गरम हवेनं सुकवलेलं. तेही टिकतं, पण पुन्हा भिजायला जास्त वेळ घेतं. आणि रिटॉर्ट पाकिटातली तयार डाळ-भाजी ही ओलीच असते, पाकिटात बंद करून दाबाखाली सुमारे १२१ अंशांना तापवलेली. ती साधारण वर्षभर टिकते, पण तिला वरून पाणी लागत नाही. हा तिचा मोठा गुण, त्याकडे पुढे येतेच.

'६० सर्व्हिंग' वाचून निर्धास्त होणे

सर्व्हिंग हा विकणाऱ्याचा शब्द आहे. पोट कॅलरीवर चालतं. आपत्तीतल्या मदतीसाठी माणशी दिवसाला सुमारे २,१०० कॅलरी धरतात. चार माणसं, तीन दिवस: २५,२०० कॅलरी. फ्रीज-ड्राइड जेवणाची पाकिटं भरलेली एक बादलीही मी घेतली होती, तिच्यावर '६० सर्व्हिंग' लिहिलं होतं, प्रत्येकी १८० कॅलरीचं. गुणाकार केला तर १०,८००. म्हणजे आठवडाभराची वाटलेली बादली आमच्या घराला सव्वा दिवस पुरली असती. त्यातही काही सर्व्हिंग गोड पेयाच्या पावडरीची होती! पाकीट उलटं करून मागचं पोषणमूल्याचं कोष्टक वाचा, एकूण कॅलरी काढा आणि मगच किंमत बघा. त्याच कोष्टकात सोडियमही पाहा. घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर या तयार जेवणांतलं मीठ त्याला झेपेलच असं नाही.

पाणी विसरणे

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, आणि मी ती सगळ्यात उशिरा ओळखली.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे एकदमच लाइट गेली. कळवा-पडघा भागातल्या उच्चदाब वाहिन्यांत बिघाड झाला होता. आम्ही घरून काम करणारे आधी इंटरनेटसाठी हळहळलो. दुपारी नळ फुसफुसला आणि बंद पडला. खालच्या टाकीत पाणी होतं, पण पंप चालणार कशावर? सोसायटीच्या ग्रुपवर लिफ्टच्या तक्रारी थांबून बादल्यांच्या सुरू झाल्या. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये विसाव्या मजल्यावर राहणारी माझी नणंद दोन बाटल्या घेऊन जिना चढली, तिसरी न्यायला पुन्हा उतरली नाही.

त्या दिवशी माझ्या दिवाणाखाली पाण्यावाचून निरुपयोगी असलेलं अन्न भरपूर होतं. फ्रीज-ड्राइड जेवणाला साधारण त्याच्याच मापाचं किंवा थोडं जास्त पाणी लागतं. 'कोरडंच खाऊ' म्हणाल तर ते पोटात जाऊन तुमच्याच अंगातलं पाणी शोषतं. तहान वाढते आणि पोट जड होतं.

पिणं आणि खाणं मिळून माणशी दिवसाला तीन लिटर धरा. चार माणसं, तीन दिवस, ३६ लिटर. वीस लिटरचे दोन जार झाले. नवी मुंबईत मोरबे धरणामुळे पाण्याची ददात कमी, असं तिकडची मंडळी अभिमानानं सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण मोरब्याचं पाणी दहाव्या मजल्यावरच्या टाकीत चढवतो तो सोसायटीचा पंपच.

म्हणून मी आता साठ्याचे तीन भाग केलेत. पहिल्या दिवसासाठी पाणी न लागणारं खाणं: चिवडा, लाडू, खाकरे, रिटॉर्टची पाकिटं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसासाठी थोडं पाणी लागणारं, पण न शिजवता चालणारं: पातळ पोहे, सातूचं पीठ, मेतकूट, दूध पावडर. फ्रीज-ड्राइड त्याच्याही मागे, बाकीचं संपलं तर. सासूबाई उरणकडच्या. त्यांना हे ऐकून हसू आलं. "म्हणजे आगोटच भरलीस की," म्हणाल्या. पावसाआधीची ती बेगमी त्यांच्या माहेरी दरवर्षी होते, त्यासाठी बादलीवर आकडे छापावे लागत नाहीत.

घरी पॅक करताना होणारा गोंधळ

तांदूळ-डाळ फॉइलच्या जाड पिशवीत, ऑक्सिजन शोषणारी पुडी टाकून इस्त्रीनं बंद करायची, हे बऱ्याच जणांनी व्हिडिओ बघून सुरू केलंय. त्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न घेते.

पिशवी आक्रसली नाही, म्हणजे पुडी खराब? तसंच काही नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन, आणि तो आतच राहतो. पिशवी दगडासारखी घट्ट व्हायलाच हवी असं नाही. पुडी हातात घेऊन पाहा. आत लोखंडाची बारीक पूड असते. ती भुसभुशीत असेल तर काम बाकी आहे, गठ्ठा झाला असेल तर पुडी संपलेली. पुड्यांच्या पाकिटात कधी एक छोटी रंगीत गोळी असते. ती गुलाबी असेल तर ठीक, निळी-जांभळी झाली तर ऑक्सिजन आत शिरलाय.

पुडी केवढी टाकायची? पाच लिटरच्या पिशवीत तांदूळ भरला की दाण्यांमध्ये साधारण दोन लिटर हवा उरते, म्हणजे सव्वाचारशे मिली ऑक्सिजन. ५०० ची, म्हणजे ५०० मिली ऑक्सिजन शोषणारी पुडी पुरते. त्याच पिशवीत फ्रीज-ड्राइड फळं भरलीत तर ती आतूनही पोकळ, जवळजवळ सगळी पिशवी हवाच! तिथे १००० ची लागेल. ही गफलत फार जण करतात आणि मग वर्षभरात रंग उडाला म्हणून पदार्थाला दोष देतात.

पुड्यांचं पाकीट फोडलं की लागतील तेवढ्या अर्ध्या तासाच्या आत वापरा, उरलेल्या लगेच घट्ट झाकणाच्या छोट्या बरणीत ठेवा. साखरेत पुडी टाकू नका, विटेसारखी कडक ढेप होते. बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी वेगळी. ती ओलावा शोषते, ऑक्सिजन नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवू नका, कारण लोखंडाच्या पुडीला काम करायला थोडा ओलावा लागतो आणि जेल नेमका तोच ओढून घेतं.

सील धरत नसेल तर पिशवीच्या तोंडाला पीठ लागलंय का ते आधी पाहा. कोरड्या फडक्यानं पुसून इस्त्री पुन्हा फिरवा. साध्या पारदर्शक प्लास्टिकमधून ऑक्सिजन हळूहळू आत येतोच, त्यामुळे फॉइलचा थर हवाच. आणि पिशव्या पत्र्याच्या किंवा जाड प्लास्टिकच्या डब्यात घाला. उंदराला २५ वर्षांचं काही पडलेलं नसतं.

आता खरी धोक्याची गोष्ट. ऑक्सिजन काढलेल्या पिशवीत ओलसर पदार्थ कधीही भरू नका. पुरणपोळी, थेपले, अर्धवट सुकलेलं खोबरं, घरी वाळवलेल्या पण आतून मऊ असलेल्या भाज्या, काहीच नाही. बॉट्युलिझमच्या जंतूला हवा नसलेली ओलसर जागाच हवी असते, आणि त्याचं विष वासावरून किंवा चवीवरून कळेलच असं नाही. दहा टक्क्यांपेक्षा कमी ओलावा असलेलेच पदार्थ या पद्धतीत चालतात. शेंगदाणे, तीळ, हातसडीचा तांदूळ यांचं दुखणं वेगळं, त्यांतलं तेल खवट होतं. ते वर्षानुवर्षांच्या साठ्यात नकोतच, नेहमीच्या वापरात फिरते ठेवा.

फ्रीज-ड्राइड कच्चं मांस घेणाऱ्यांसाठी एक ओळ: या प्रक्रियेत जंतू मरत नाहीत, झोपतात. भिजवल्यावर नीट शिजवूनच खा.

तालीम न करणे

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही मेन स्विच पाडला, गॅस बंद ठेवला आणि जेवण साठ्यातूनच करायचं ठरवलं. पत्र्याचा डबा उघडायचा कटर घरात नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. फ्रीज-ड्राइड खिचडीच्या पाकिटावर 'उकळतं पाणी, ८ मिनिटं' लिहिलं होतं. आम्ही गार पाणी ओतलं. वीस मिनिटांनी डाळ दाताखाली कचकच करत होती, पस्तिसाव्या मिनिटाला ती खाण्यासारखी झाली. तोवर मुलानं पहिल्या दिवसाचा चिवडा संपवला होता, आणि सासूबाईंनी अंधारातच मेतकूट-पोहे कालवून चौघांच्या वाट्या भरल्या होत्या. खिचडीत मीठ जास्तच होतं. कटर दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानातून आणला आणि दोरीनं डब्यालाच बांधून ठेवला.