गिअरबॉक्स उतरवण्याआधी गाडी ऐका

आयटीआयचं मोटार मेकॅनिक करून साताऱ्यात एका गॅरेजला लागलो, आणि दुसऱ्याच महिन्यात एक जुनी पाच गिअरची हॅचबॅक आली. रिटायर्ड मास्तरांची गाडी, ५० च्या पुढे गेली की घूंऽऽ असा आवाज. मी एक चक्कर मारून आलो आणि छातीठोकपणे सांगितलं, गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलंय. उस्ताद त्या दिवशी लग्नाला गेलेले. मी आणि अजून एक पोरगा, दोघांनी बॉक्स उतरवला, खोलला, आत सगळं ठणठणीत. परत चढवला, चक्कर मारली, घूंऽऽ तसाच.

आता आवाजाची गाडी आली की मी आधी विचारतो आवाज कधी येतो. कसा येतो ते नंतर, कारण घरघर, खरखर हे शब्द प्रत्येक कस्टमर वेगळ्या आवाजाला वापरतो.

गाडी जागेवर उभी करा, इंजिन चालू, न्यूट्रल, क्लचवरून पाय काढलेला. आता घरघर येतेय आणि क्लच दाबला की जातेय, तर इनपुट शाफ्टच्या (इंजिनची ताकद बॉक्समध्ये आणणारा दांडा) बेअरिंगवर संशय घ्या, कारण न्यूट्रलमध्येही तो शाफ्ट इंजिनबरोबर फिरत असतो आणि क्लच दाबल्यावर थांबतो. उलट क्लच दाबल्यावरच किर्र सुरू झालं तर बहुतेक रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं. तेही बदलायला बॉक्स उतरवावा लागतोच, मग क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट त्याच वेळी बघून घ्या, नाहीतर चार महिन्यांनी तीच हमाली परत.

चालतानाच येत असेल तर मोकळा, सपाट रस्ता गाठा (घाटात किंवा उतारावर हे करायचं नाही). ६० ला न्या, न्यूट्रल करा आणि गाडी नुसती पळू द्या. आवाज तसाच राहिला आणि स्पीडबरोबर हळूहळू उतरला तर आधी चाकाकडे बघा. बॉक्समधलं डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) तेव्हाही फिरत असतं, म्हणजे बॉक्स अगदीच निर्दोष सुटला असं नाही, पण चाक तपासायला दहा मिनिटं लागतात आणि बॉक्सला अख्खा दिवस. मग हलकेच डावी-उजवीकडे स्टेअरिंग झुलवा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर येतं, तेव्हा आवाज वाढला तर साधारण उजवं बेअरिंग. टायर खालीवर झिजला असेल तरी सेम असाच आवाज येतो, तळहात फिरवून बघा, शंका असेल तर पुढचे टायर मागे टाकून एक चक्कर मारा.

उस्तादांनी दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या गाडीचं काय केलं, तर पुढून जॅक लावला, खाली स्टँड दिले, माझा हात धरून सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवायला लावलं. उजव्या बाजूला काहीच नाही. डाव्या स्प्रिंगला बारीक खरखर हाताला लागत होती, पाट्यावर जाडं मीठ वाटताना लागते ना, तशी. कानाला मात्र काही ऐकू येत नव्हतं. म्हणजे डाव्या चाकाचं बेअरिंग गेलेलं.

बाकी सोपं आहे. स्टेअरिंग पूर्ण कापून गाडी उचलताना कट् कट् झालं तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाकाजवळचा एक्सलचा सांधा), रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं की त्याचा रबरी बूट फाटलाय समजा. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल तर त्या गिअरच्या जोडीत लोच्या. जुन्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपसारख्या गाड्यांत चौथा गिअर बहुतेक डायरेक्ट असतो, म्हणजे ताकद सरळ आरपार जाते, लेशाफ्टवर (बाकीच्या गिअरना ताकद पोचवणारा बाजूचा दांडा) लोड येत नाही, त्यामुळे बाकीच्या गिअरला येणारा आवाज चौथ्यात गेला तर लेशाफ्टकडे बघायचं.

आणि ऑइल, हे तर सगळ्यात आधी. लेव्हलच्या बोल्टातून बोट घालून बघा. ड्रेन बोल्टाच्या मॅग्नेटवर करडा लगदा असतोच, त्याला घाबरू नका, लोखंडाच्या कपच्या निघाल्या तर घाबरा. ऑइल पिवळं चमचमत असेल तर पितळी सिंक्रो रिंग (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) झिजतायत. ऑइल भरताना कंपनीनं सांगितलेलाच ग्रेड भरा, जीएल-४ दर्जाच्या गिअर ऑइलच्या जागी 'भारीतलं' म्हणून जीएल-५ ओतू नका, त्यातली केमिकल्स पितळाला खाऊ शकतात.

मास्तरांच्या बिलात उस्तादांनी फक्त बेअरिंग आणि प्रेस मारायची मजुरी लावली. मी उतरवलेल्या बॉक्सचं नवीन ऑइल माझ्या पगारातून गेलं.