डाळ मिलमधला आवाज मोजायचा कसा

आधी मोबाइल खिशात ठेवा. फोनचा माइक बोलण्यापुरता बनवलेला. चालू इमरीजवळ, म्हणजे तुरीची साल काढणाऱ्या मशीनजवळ, नेला की बऱ्याच फोनांत आकडा एका जागी अडकून बसतो अन् आपल्याला वाटतं, आवाज तेवढाच आहे. साउंड लेव्हल मीटर आणा, सोबत कॅलिब्रेटर. तो माइकवर बसवायचा, 1000 हर्ट्झचा सूर देतो, मीटरवर 94 डेसिबल दिसले पाहिजेत. नाही दिसले तर जुळवून घ्या, मगच शेडात शिरा.

लातूरच्या एमआयडीसीत मी डाळ मिलची मशिनं सांभाळतो. तुरीचा हंगाम लागला की शेजारच्याच्या कानाला लागून बोलावं लागतं. माप त्याच दिवसांत घ्या. रिकाम्या इमरीचा आवाज वेगळा, तूर पडल्यावरचा वेगळा.

मीटर 'ए' अन् 'स्लो'वर ठेवा. 'ए'मध्ये खर्जातला आवाज कमी धरला जातो, कान धरतो तसा. 'स्लो'वर आकडा नाचत नाही. माइकवर फोमचा गोळा पाहिजेच, नाहीतर ब्लोअरचा वारासुद्धा आवाज म्हणून मोजला जाईल. हात लांब करून मीटर धरा, ऑपरेटर उभा राहतो त्या जागी, त्याच्या कानाच्या उंचीला. मशीनला खेटून माप घेऊन काय करायचंय, तिथं कोण उभं राहतंय?

आता हिशेब. तीव्रता म्हणजे एका चौरस मीटरवर आवाजाची किती वॅट शक्ती पडते ते. मीटर खरं तर हवेचा दाब मोजतो अन् त्यावरून डेसिबल दाखवतो. जेमतेम ऐकू येतं तिथं शून्य डेसिबल. 90 ला तीव्रता शंभर कोटीपट होते, तरी भरते निस्ती एक मिलिवॅट! दर दहा डेसिबलला दहापट, म्हणून सरळ बेरीज करू नका. 90 चं एक मशीन अन् 90 चं दुसरं, मिळून 93.

हेच उलटं वापरायचं. सगळं चालू असताना आकडा लिहा. मग एकेक मशीन बंद करून, त्याच जागेवरून परत लिहा. ब्लोअर बंद केल्यावर 93 चे 90 झाले, तर अर्धी तीव्रता एकट्या ब्लोअरची. चाळणा बंद करूनही आकडा हलला नाही तर त्याच्यावर पैसे घालू नका. मालक लोक नेमके त्यालाच रबर लावायला निघतात, कारण हलताना तोच दिसतो.

मोकळ्या रानात अंतर दुप्पट केलं की सहा डेसिबल उतरतात. पत्र्याच्या शेडात तसं होत नाही, आवाज पत्र्यावर आपटून माघारी येतो. ऑपरेटरला चार पावलं मागं सरकवण्यापेक्षा ब्लोअरच भिंतीपलीकडं न्या.

एवढं करूनही उरलेला आकडा बघा. कारखान्यांच्या नियमात आठ तासांना 90 ची मर्यादा आहे. 95 ला चार तास, 100 ला दोनच. तेवढ्यावर माणूस बदला, अन् कापसाचे बोळे नको, इअरमफ द्या.